सकाळचा राजकीय पॉडकास्ट कोण कोण ऐकतं? आणि चूक झाली तर दुरुस्ती कानावर का पडत नाही?

अशोकचौक_शिलाई

नमस्कार मंडळी.

दोन-अडीच वर्षं झाली, मी रोज सकाळी राजकीय बातम्यांचा एक मराठी पॉडकास्ट ऐकते. वीसेक मिनिटांचा असतो, सहाच्या सुमाराला येतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथले बरेच जण तोच ऐकतात हे ठाऊक आहे, पण मला बोलायचंय ते त्या एकट्याबद्दल नाही. आणखी दोन-तीन ऐकून पाहिले, तिथंही हेच चालतं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. आपल्या सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ पासून आज नोव्हेंबर २०२५ उजाडला तरी नगरसेवकच नाहीत, प्रशासक कारभार बघतात. नळाला रोज पाणी का नाही हे विचारायला जायचं कुणाकडे, हा विषय आमच्या गल्लीत दर आठवड्याला निघतो. निवडणुका नेमक्या कशामुळं अडकल्यात हे मला टीव्हीवर कधी धड कळलं नाही. तिथं नुसतं कोण कुणाला काय म्हणालं. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा या पॉडकास्टने एका भागात सगळं उलगडलं. बांठिया आयोगाच्या २०२२ च्या अहवालाआधी ओबीसींच्या जितक्या जागा होत्या तितक्या धरून निवडणूक घ्यायची, प्रभागरचना म्हणजे काय, ती कोण करतं. मी तो भाग दोनदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला समजावून सांगितला.

आता दुसरी बाजू. आमचं अशोक चौकाजवळ गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे, आठ मशीन. खाली मशीन, वर घर. नऊला मशीन सुरू झाल्या की काही ऐकू येत नाही, म्हणून जे ऐकायचं ते त्याआधी. अम्मा, म्हणजे माझी आई, विड्या वळते. पहाटेच पानं कातरायला बसते. रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवलेली पानं, शेजारी सूप, हातात कातर. मी फोन स्टीलच्या तांब्यात उभा ठेवते, आवाज घुमतो आणि तिला नीट ऐकू येतं. घरात आम्ही तेलुगू बोलतो. अम्माला मराठी बोललेलं सगळं समजतं, वाचता मात्र येत नाही.

१८ नोव्हेंबरच्या भागात लाडकी बहीण योजनेच्या केवायसीचा विषय होता. निवेदक म्हणाले, आज शेवटचा दिवस, आज केलं नाही तर पंधराशे रुपये बंद. अम्माची केवायसी अडकलेली होती, कारण त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार मागतात आणि माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली. तिने कातर खाली ठेवली. शेजारच्या तिघींना हाक मारली आणि चौघी साडेसातला सेवा केंद्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दुपारी एकला नंबर लागला. तिथला मुलगा म्हणाला, मावशी, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढलीय, कशाला उन्हात उभ्या राहिलात. कारखान्यात विड्या द्यायची वेळ गेली. चौघींचा दिवस बुडाला.

मुदतवाढीची बातमी भाग तयार झाल्यावर आली असेल, ते मी समजू शकते. पण दुसऱ्या दिवशीचा भाग मी मुद्दाम शेवटपर्यंत ऐकला, दुरुस्तीचा एक शब्द नाही. संध्याकाळी ॲप उघडून पाहिलं तर आदल्या दिवसाच्या भागाखाली जी माहिती लिहिलेली असते, तिच्या तळाशी, जाहिरातीच्या ओळींच्याही खाली, एक ओळ होती: मुदतीबाबतच्या उल्लेखात दुरुस्ती. मी ती अम्माला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चुकलं ते बोलून सांगितलं ना? मग बरोबर ते लिहून का सांगतात?"

याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून हा धागा. तुम्ही ऐकता का, कसं ऐकता, आणि तुम्हाला काय वाटतं?

हुतात्मा_पासधारक

ताई, अगदी बरोबर. मी रोज सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने कुर्डुवाडीला कामाला जातो. घरातून निघताना वायफायवर भाग उतरवून घेतो, कारण मोहोळ सोडलं की नेटवर्क येतं-जातं. गाडी हलली की इयरफोन कानात. भागाखाली काय लिहिलेलं असतं ते मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. खाली काही लिहिलेलं असतं हेच आज तुमच्याकडून कळलं. डब्यात माझ्यासारखे चार-पाच जण आहेत, उद्या त्यांनाही विचारतो.

माझ्या मते कार्यक्रम चांगला आहे, पण सुरुवातीची तीन-चार मिनिटं गप्पा आणि जाहिरातीत जातात. बातमी आधी सांगा, मग गप्पा मारा.

सातरस्ता

फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडून एवढी अपेक्षा कशाला? दोन-चार पोरं रात्रभर जागून काम करतात, त्यांच्याकडून चूक होणारच. त्यांनी निदान लिहून तरी मान्य केलं. चॅनेलवाले तेवढंही करत नाहीत.

अशोकचौक_शिलाई

@सातरस्ता, दादा, त्यांनी मान्य केलं याचा मला आदरच आहे. म्हणून तर बोलतेय. जे मान्यच करत नाहीत त्यांच्याबद्दल धागा काढून उपयोग नसतो. आणि फुकट कुठं आहे? आम्ही रोज त्यातल्या जाहिराती ऐकतो. अम्मा आणि तिच्या मैत्रिणींनी त्यांच्या शब्दावर एक दिवसाची मजुरी घालवली.

पूर्वभाग_पावरलूम

आमच्या कारखान्यात धा-बारा जण ऐकतेत. मागाच्या आवाजात काय ऐकू येत नाय, म्हणून च्याच्या टायमाला मोबाइलवर लावूलालो. टॉवेलची पार्टी आहे आमची. बोलणं चांगलं असतंय पण लई फास्ट बोलतेत बे ते. आमच्यातल्या निम्म्या लोकांची घरची बोली तेलुगू, दोघं-तिघं कन्नड. एक वाक्य डोक्यात बसेपर्यंत पुढची तीन गेलेली असतेत. मी स्पीड कमी करून लावतो, मग दारू पिऊन बोलल्यागत ऐकू येतंय. मुद्दाम हळू बोलून दहाच मिनिटं सांगा, चालतंय आम्हाला.

जुना_निवेदक

बऱ्याच दिवसांनी इथं लिहितोय. मी पंधरा वर्षं रेडिओवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम केलं, त्यामुळं या विषयावर बोलल्यावाचून राहवत नाही.

आधी काम कसं चालतं ते. सकाळी सहाला येणारा भाग बहुतेक वेळा आदल्या रात्रीच बांधून झालेला असतो. दहा-अकराला ध्वनिमुद्रण, मग संपादन, मग पहाटेची वेळ लावून ठेवायची. मधल्या सात-आठ तासांत मंत्रालयातून एक पत्रक निघालं की आतला मजकूर शिळा. रोजच्या राजकारणात हे होणारच, हे सातरस्ता यांचं म्हणणं मला मान्य आहे. लाडक्या बहिणीसारख्या योजनेत तर निर्णय समाजमाध्यमावरच्या एका पोस्टने बदलतो.

पण याचाच अर्थ असा की मुदत, तारीख, रक्कम या तीन गोष्टी सांगताना "हा भाग तयार करेपर्यंतची माहिती" एवढे शब्द तोंडी म्हणायला हवेत. चार सेकंदही लागत नाहीत. आमच्या वेळी बातमीपत्रात काही चुकलं तर पुढच्या बातमीपत्रात दुरुस्ती वाचली जायची. ऐकणाऱ्याकडे कागद नसतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. जे कानाने गेलं ते कानानेच परत आणावं लागतं. तुमच्या आईंनी एका वाक्यात तेच सांगितलं.

दुसरी तांत्रिक अडचण. कुणी म्हणेल, चुकीचा भाग काढून दुरुस्त केलेली फाइल चढवली की झालं. तसं होत नाही. पासधारकांनी सकाळी घरून निघतानाच भाग उतरवून घेतलेला असतो. मागून फाइल बदलली तरी त्यांच्या फोनमध्ये जुनीच राहते. आणि आजकाल लोक तुकडा कापून व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो तर कायमचा सुटला. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या भागात, तेही पहिल्या मिनिटात, काय चुकलं आणि बरोबर काय हे स्पष्ट बोलणं हा एकच उपाय उरतो. शेवटी सांगून उपयोग नाही. शेवटपर्यंत ऐकणारे थोडे असतात.

आणखी एक. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावण्यापुरतीच मुभा आहे. म्हणजे मराठीत कानाने राजकीय बातमी ऐकायची तर पुण्याहून येणाऱ्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातमीपत्रासारखी आकाशवाणीची बातमीपत्रं, टीव्हीचा आवाज, नाहीतर हे पॉडकास्ट. जे वाचू शकत नाहीत, किंवा हात कामात अडकल्यामुळं वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी जागा एवढीच आहे. म्हणून हे लोक मनावर घेऊन काम करतात याचं मला मोल वाटतं, आणि म्हणूनच त्यांनी अधिक जपून बोलावं असंही वाटतं.

होटगीरोड

दुरुस्ती वगैरे ठीक, पण मूळ दुखणं वेगळं आहे. हा कार्यक्रम सरळसरळ सरकारविरोधी आहे. रोज एक तरी टोमणा असतो. मी सहा महिने ऐकून बंद केला.

शेळगीची_लेक

@होटगीरोड, मलाही असंच काहीतरी वाटायचं, फक्त उलट्या बाजूने. मला तो सरकारच्या कलाने बोलतो असं वाटायचं. म्हणून जूनमध्ये दोन आठवडे मी वही घेऊन बसले. कुणाच्या भाषणाचा तुकडा वाजवला, किती वेळ वाजवला, त्यानंतर निवेदकाने स्वतःचं काय म्हटलं, हे रोज लिहून काढलं. शिक्षिका आहे, वही तपासायची सवय आहे.

वहीतून जे निघालं ते दोघांच्याही समजुतीला धरून नव्हतं. आवाज सत्ताधाऱ्यांचे जास्त वाजतात, कारण निर्णय तेच जाहीर करतात. त्यावरची टीका निवेदक स्वतःच्या तोंडी सांगतात. त्यामुळं ज्याला टीका टोचते त्याला ती लक्षात राहते, आणि ज्याला भाषण टोचतं त्याला भाषण. आपण काय ऐकायला बसलोय त्यावर ते ठरतं.

झुकतं माप मला सापडलं ते पक्षाचं नव्हे, गावाचं. त्या दोन आठवड्यांत दिल्ली, मुंबई, बारामती, ठाणे, पुन्हा दिल्ली. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा आहेत. त्या पूर्ण पंधरवड्यात आपलं नाव एकदा आलं, तेही आषाढी वारीच्या निमित्ताने पंढरपूरचं. येत्या २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान आहे. बार्शी, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट, करमाळा, इथं कोण कुणाबरोबर गेलंय याचा मुंबईतल्या युतीशी मेळ लागत नाही. ते कुणीतरी समजावून सांगायला हवं. अनगर नगरपंचायतीच्या उमेदवारी अर्जाचा गोंधळ राज्यभर गाजला म्हणून तेवढं आलं.

बार्शीकर

बार्शीचं नाव आलं म्हणून लिहितो. लोकसभेच्या वेळी यांनी बार्शी सोलापूर मतदारसंघात धरली होती. जिल्हा सोलापूर असला तरी लोकसभेला आम्ही धाराशिवमध्ये. त्याची दुरुस्ती ना लिहून आली, ना बोलून.

उजनी_काठ

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. राजकीय पॉडकास्टमध्ये पाणी आलं की माझा कान तिकडं जातो, कारण आपल्या जिल्ह्यात पाणी हेच राजकारण.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. तेव्हा एका भागात निवेदिका म्हणाल्या, "धरण पूर्ण कोरडं पडलंय." दोन दिवसांनी दुसऱ्या भागात म्हणाल्या, "उजनीतून सोलापूरसाठी पाणी सोडण्यात आलं." ऐकणाऱ्याने काय समजायचं? कोरड्या धरणातून पाणी सोडतात कसं?

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खालचं पाणी. शून्य टक्के म्हणजे वरचा उपयुक्त साठा संपला. त्याखाली गेलं की उणे मोजतात. उणे ५० ला सुद्धा धरणात ३६-३७ टीएमसी पाणी असतं. प्रश्न असतो ते कुणाला द्यायचं आणि कसं न्यायचं याचा. शहरासाठी भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडलं की शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं, कारण वाटेत मुरतं, उडतं, उपसलंही जातं. म्हणून उजनीहून शहरापर्यंतच्या समांतर जलवाहिनीचा विषय इतकी वर्षं तापलेला. या एका वाक्यात इंदापूर, माढा, मोहोळ, शहर, सगळ्यांचं राजकारण येतं. "कोरडं पडलंय" म्हटलं की ते सगळं झाकलं जातं आणि दोष पावसावर ढकलून माणसं मोकळी होतात.

मी त्यांना मेल लिहिला होता. उत्तर आलं, आभार मानले. भागात काही आलं नाही.

माळशिरसकर

उजनी_काठ काकांचं वाचून माझीही जखम उघडली.

मारकडवाडी आमच्यापासून जवळ. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेनंतर गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःचं मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी या पॉडकास्टवर पहिलीच बातमी आमची. आम्ही चौघे पारावर बसून ऐकत होतो. निवेदकाने गावाचं नाव तीन वेळा घेतलं, तिन्ही वेळा "मरकडवाडी". आणि म्हणाले, पराभूत उमेदवाराच्या समर्थकांची ही मागणी आहे.

शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तम जानकर निवडून आले होते हो! माळशिरसची जागा त्यांनी जिंकली होती. गावात त्यांना ८४३ आणि भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ मतं दिसली, आणि गाव म्हणत होतं आमचं मत तर जानकरांना होतं, मग हे कसं. मी यातल्या कुठल्या बाजूचा आहे हे इथं महत्त्वाचं नाही. माझ्या घरात दोन्ही बाजूंची मतं आहेत. पण जिंकलेल्या माणसाच्या मागे असलेलं गाव आकडा तपासा म्हणतंय आणि हरलेला माणूस रडगाणं गातोय, या दोन बातम्या एकच आहेत का? एका शब्दाने पूर्ण गोष्ट फिरली. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, यांना आपण दिसतच नाही.

त्यानंतर ८ डिसेंबरला शरद पवार गावात येऊन गेले, मग भाजपची सभा झाली, गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्यांचं पुढं काय झालं, कोर्टात किती फेऱ्या झाल्या, हे कोणत्याही पॉडकास्टवर मी ऐकलेलं नाही. रोजचा कार्यक्रम म्हणजे रोज नवा विषय, हे मला कळतं. पण ज्यांच्या दारात येऊन गेलात त्यांच्याकडे वर्षातून एकदा तरी वळून बघा.

मूळ_सोलापूर_सध्या_पुणे

मी हिंजवडीत नोकरी करतो, बसमध्ये ऐकतो. माळशिरसकरांचं म्हणणं वाचून जानेवारी २०२४ आठवलं. १९ तारखेला पंतप्रधान सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर या कामगार वसाहतीच्या घरांसाठी आले होते. दुसऱ्या दिवशी मराठी आणि हिंदी दोन्ही पॉडकास्ट ऐकले. दोन्हीकडे एकच: भाषण करताना पंतप्रधान भावुक झाले. आवाजाचा तो तुकडा वाजवला आणि पुढची बातमी.

माझी मामी त्या वसाहतीत घर मिळालेल्यांपैकी आहे. विडी कामगार. ३० हजार घरांची वसाहत, त्यातल्या १५ हजार घरांचं त्या दिवशी लोकार्पण. आणि ती वसाहत उभी राहिली नरसय्या आडम मास्तरांनी विडी, यंत्रमाग आणि असंघटित कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून. मार्क्सवादी पक्षाचा माजी आमदार आणि भाजपचे पंतप्रधान एकाच मंचावर, एकाच कामासाठी! देशात असं कितीदा घडतं? राजकीय पॉडकास्टला याहून मोठी गोष्ट कुठली हवी होती? मामीने पै-पै करून स्वतःचा हिस्सा कसा भरला हे तिच्या तोंडून ऐकलं असतं तर डोळ्यांत पाणी यायला भाषणाची गरज पडली नसती.

सातरस्ता

मारकडवाडीचं मला माहीत नव्हतं. म्हणजे गाव माहीत होतं, पण जिंकलेला उमेदवार होता हे आत्ता कळलं, कारण मीही तोच भाग ऐकून वर्षभर तसंच धरून चाललो होतो. चारचौघांत तसं बोललोही असेन. माझं वरचं "फुकट मिळतंय" मागे घेतो.

होटगीरोड

@शेळगीची_लेक, वहीची पद्धत आवडली. माझं मत लगेच बदललंय असं नाही, पण एक आठवडा मीही लिहून बघतो. वहीत रकाने कोणते केले होते ते सांगाल का?

शेळगीची_लेक

नक्की. तारीख, विषय, कुणाचा आवाज, किती सेकंद, निवेदकाचं स्वतःचं वाक्य जसंच्या तसं, आणि कुठल्या गावाची बातमी. शेवटचा रकाना मी तिसऱ्या दिवशी वाढवला, तोच सगळ्यात कामाचा ठरला. निवेदकाचं वाक्य आपल्या शब्दांत लिहू नका, तिथंच आपला राग शिरतो.

ताई, आईंच्या केवायसीचं काय झालं? मुदतवाढीबरोबर असंही सांगितलंय की ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत त्यांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूच्या दाखल्याची प्रत जमा करायची. आमच्या शाळेतल्या सेविका मावशींचंही तेच अडलं होतं.

अशोकचौक_शिलाई

हो, दाखल्याची प्रत काढून ठेवलीय, या आठवड्यात जाऊ. आता मधेच कुणी काही बदल सांगितला तर मी आधी दोन ठिकाणी खात्री करेन, मगच अम्माला सांगेन.

सगळ्यांचे प्रतिसाद मी रात्री अम्माला वाचून दाखवले. पावरलूमवाल्या दादांचं "लई फास्ट" ऐकून ती म्हणाली, बघ, मी एकटीच नाही. मला हे आजवर माहीतच नव्हतं. मला वाटायचं तिला सगळं कळतंय. तिने सांगितलं की "निर्देश", "प्रलंबित", "खंडपीठ" असले शब्द आले की ती पुढचं वाक्य सोडून देते आणि पानावर लक्ष देते. "कोर्टाने सांगितलं", "अजून निकाल लागला नाही" असं का नाही म्हणत? दोन-अडीच वर्षं मी तिच्या शेजारी बसून ऐकतेय आणि मी एकदाही विचारलं नाही.

त्या पॉडकास्टचा व्हॉट्सॲप नंबर आहे, श्रोते आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. मी मेल लिहायला बसले होते, पण अम्मा म्हणाली, मी बोलते. आज सकाळी रेकॉर्ड केलं. ती जे बोलली ते तसंच्या तसं देते:

"नमस्कार. मी सोलापूरवरून बोलते. मी विड्या करते. तुमी रोज बोलता ते मी रोज ऐकते, पानं कापता कापता. तुमी चांगलं सांगता, म्हणून मी तुमच्यावर भरोसा ठेवते. त्या दिवशी तुमी म्हणला आज शेवटचा दिवस. आमी चौघी गेलो, दिवस गेला. चूक होते, माझी पण विडी कधी कधी वाकडी होते, मग मी ती सोडून परत वळते. तुमी लिहून टाकलं म्हणून माझी मुलगी सांगते. मला वाचता येत नाय. तुमी बोलून सांगा. आणि थोडं हळू बोला."

मागे कातरीचा आवाज येतोय, बोलताना तिने हात थांबवला नव्हता. पुन्हा रेकॉर्ड करू का? जुना_निवेदक काका, तुम्ही सांगा.

जुना_निवेदक

अजिबात करू नका. आहे तसा पाठवा. कातरीच्या आवाजावरून त्यांना कळेल की आपला कार्यक्रम नेमका कुठं आणि कोणत्या वेळी ऐकला जातो.

माळशिरसकर

ताई, शेवटी एवढं जोडता येईल का, की गावाचं नाव घ्यायच्या आधी त्या गावातल्या एका माणसाला फोन करून विचारत जा. आमच्याकडे कोणीही सांगेल, मा-र-क-ड-वा-डी.

अशोकचौक_शिलाई

ते मी माझ्या आवाजात वेगळं पाठवलं, उजनीचं आणि बार्शीचंही त्यातच घेतलं. अम्माचं तसंच ठेवलं. दोन्ही दुपारी गेले, निळ्या टिका आल्यात.

हुतात्मा_पासधारक

आज डब्यात विचारलं. पाचपैकी एकानेही भागाखालचं कधी वाचलेलं नाही. उद्या मोहोळ येईपर्यंत पहिली पाच मिनिटं सगळे मिळून ऐकतो, काही आलं तर इथं लिहितो.